दरमहा पंचवीस हजार : लाभांश ईटीएफ प्रकल्पाच्या नोंदी

१९ मे २०२४

उद्दिष्ट आधी लिहून ठेवतो, म्हणजे नंतर पळवाटा नकोत. जून २०३० मध्ये अठ्ठावन्न पूर्ण होतील आणि भोसरीची नोकरी संपेल. त्यानंतर दरमहा आजच्या भावातले २५,००० रुपये घरात यायला हवेत. घर स्वतःचं आहे, कर्ज फिटलंय. पेन्शन म्हणाल तर ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफबरोबरच्या कर्मचारी पेन्शन योजनेची, आणि ती १५,००० च्या पगारमर्यादेवर मोजतात. पस्तीस वर्षं सेवा केली तरी साडेसात हजारांच्या वर जात नाही. माझी त्याहून कमीच बसेल. ती हिशेबात धरत नाही, आली तर किराण्याला.

महागाई ६ टक्के धरली तर आजचे २५,००० सहा वर्षांनी साधारण ३५,५०० होतात. वर्षाचे सव्वाचार लाख.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच नियम: मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर भागवायचं. बँकेचं व्याज महागाईला पुरत नाही, म्हणून मुद्दल शेअरमध्ये आणि व्याजाच्या जागी डिव्हिडंड, म्हणजे कंपनी नफ्यातून वाटते तो लाभांश, असा विचार. एकेक कंपनी निवडत बसायचं नाही, ईटीएफ घ्यायचा, म्हणजे अनेक कंपन्यांची टोपली असलेला, शेअरसारखा बाजारात घेता-विकता येणारा फंड. लाभांशाचा दर पावणेतीन टक्के धरला तर सव्वाचार लाखांसाठी १ कोटी ५५ लाखांची गुंतवणूक लागते. आकडा बघून ही म्हणाली, "अहो, मग लॉटरीचं तिकीटच घ्या ना."

२६ मे २०२४

कागदपत्रं वाचली. आपल्याकडे लाभांशावर बेतलेला ईटीएफ म्हणजे मुख्यतः एकच, निप्पॉन इंडिया ईटीएफ निफ्टी डिव्हिडंड अपॉर्च्युनिटीज ५०. २०१४ मध्ये आला, तेव्हा तो रिलायन्स म्युच्युअल फंडाचा होता. त्याच्यामागचा निर्देशांक एनएसई या शेअर बाजाराचा, पन्नास कंपन्यांचा, आधारदिन १ ऑक्टोबर २००७.

मुख्य गोष्ट आतल्या पानांत सापडली. कंपन्यांकडून आलेला लाभांश योजनेतच राहतो आणि एनएव्हीत, म्हणजे प्रत्येक युनिटमागच्या मूल्यात, मिसळतो. तिमाहीला बँकेत काही जमा होईल असं वचन कुठेही नाही. भारतातले बहुतेक शेअर ईटीएफ असेच चालतात.

हिला सांगितलं. "म्हणजे हा डिव्हिडंडचा फंड डिव्हिडंड देतच नाही?"

देत नाही. आधी राग आला, मग दोन दिवस कागद घेऊन बसलो. समजा शंभर रुपयांच्या युनिटमध्ये कंपन्यांनी मिळून तीन रुपये दिले. ते मला हातात दिले तर युनिट शंभरवर राहील, आत ठेवले तर एकशे तीन होईल. मला तीन रुपये हवेच असतील तर एकशे तीनमधले तीन रुपयांचे युनिट विकायचे. दोन्ही वाटांनी माझ्याकडे शंभरची गुंतवणूक आणि तीन रुपये रोख. फरक दोनच ठिकाणी पडतो: कर किती लागतो, आणि पैसे कधी काढायचे ते कोण ठरवतं.

म्युच्युअल फंडांच्या जुन्या "डिव्हिडंड" पर्यायातही हेच व्हायचं. पैसे वाटले की एनएव्ही तेवढीच खाली. बाजाराची नियामक सेबी, तिने १ एप्रिल २०२१ पासून त्या पर्यायाचं नाव बदलायला लावलं ते यासाठीच. आता नावातच सांगावं लागतं की वाटपात भांडवलही परत येऊ शकतं.

तरी घरचा नियम अडतोच. युनिट विकायचे म्हणजे मुद्दलाला हात लावल्यासारखं वाटतं. हिशेब पटला तरी मन पटत नाही, ही वस्तुस्थिती नोंदवून ठेवतो.

५ जून २०२४

काल लोकसभेच्या निकालाच्या दिवशी निफ्टी जवळपास ६ टक्के पडला. सरकारी कंपन्या त्याहून कितीतरी जास्त. आणि लाभांशाच्या कुठल्याही टोपलीत सरकारी कंपन्या भरपूर असतातच: कोल इंडिया, पॉवर ग्रिड, ओएनजीसी, एनटीपीसी.

कारण उघड आहे. २०१६ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सरकारी कंपनीने निव्वळ नफ्याच्या ३० टक्के किंवा नक्त मालमत्तेच्या ५ टक्के, यातलं जे जास्त असेल तेवढा लाभांश द्यायचा. मालक सरकार, आणि मालकाला अर्थसंकल्पाची तूट भरायची असते. त्यामुळे डिव्हिडंड नियमित, पण भाव राजकारणावर हलणार. कालच्या पडझडीने यातल्या एकाही कंपनीचा जाहीर झालेला लाभांश कमी झाला नाही, हे मात्र खरं. आज निफ्टी निम्म्याहून अधिक भरूनही आला.

पहिली खरेदी याच आठवड्यात करतो. दरमहा ठरावीक रक्कम, पगाराच्या दुसऱ्या दिवशी.

२३ जुलै २०२४

अर्थसंकल्प. दुपारी कॅन्टीनमध्ये सगळे स्टँडर्ड डिडक्शनवर बोलत होते, मी मोबाईलवर भांडवली नफ्याचं पान उघडून बसलो होतो. शेअरचा दीर्घकालीन नफा १० वरून १२.५ टक्के, करमुक्त मर्यादा १ लाखावरून १ लाख २५ हजार. वर्षाच्या आतला नफा १५ वरून २० टक्के. लगेच लागू, आजपासून.

रात्री दोन वाटांची तुलना केली. वर्षाला ३ लाख काढायचे असं धरलं.

डिव्हिडंड थेट हातात आला तर तो उत्पन्नात मिळतो आणि स्लॅबप्रमाणे कर लागतो. १ एप्रिल २०२० पर्यंत कंपनीच आधी लाभांश वितरण कर भरायची, आता बोजा आपल्यावर. माझ्या २० टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह ६२,४०० रुपये गेले.

युनिट विकून ३ लाख काढले, आणि त्यातला निम्मा भाग नफा आहे असं धरलं, तर नफा दीड लाख. त्यातले सव्वा लाख माफ. उरलेल्या २५,००० वर १२.५ टक्के म्हणजे ३,१२५, उपकर धरून ३,२५०.

६२,४०० आणि ३,२५०. हा कागद फ्रिजवर चिकटवला आहे.

आणखी एक गोष्ट सीए साहेबांनी सांगितली. फंडाला कंपन्यांकडून लाभांश मिळतो तेव्हा फंडावर कर नाही, कलम १०(२३डी) खाली म्युच्युअल फंडाचं उत्पन्न करमुक्त आहे. त्यावर टीडीएसही कापला जात नाही. म्हणजे कंपनीचा रुपया फंडात पूर्ण शंभर पैशांनी येतो आणि पुन्हा गुंततो. मी तेच शेअर स्वतःच्या नावावर धरले तर प्रत्येक लाभांशातून आधी सरकारचा वाटा जाणार आणि उरलेलं मी परत गुंतवणार. नोकरी असेपर्यंतच्या सहा वर्षांसाठी प्रश्न इथेच निकाली निघाला.

१७ ऑगस्ट २०२४

शनिवार. आज पूर्ण दिवस कंपन्यांच्या लाभांशाचे जुने आकडे काढण्यात गेला. ईटीएफच घ्यायचा असला तरी आत काय आहे ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही.

कोल इंडिया. २०१५-१६ मध्ये शेअरमागे २७ रुपये ४० पैसे. मग उतरंड, आणि २०१९-२० मध्ये १२ रुपये. चार वर्षांत निम्म्याहून कमी. तिथून पुन्हा चढ: २०२१-२२ ला १७, २०२२-२३ ला २४.२५, २०२३-२४ ला २५.५०. म्हणजे आठ वर्षांनंतरही जुना आकडा गाठलेला नाही, आणि मधल्या काळात दूध, गॅस, औषधं कुठल्या कुठे गेली. हीच कंपनी लोक "डिव्हिडंडसाठी ठेवून द्या" म्हणून सांगतात. फक्त हिच्यावर संसार टाकला असता तर २०२० मध्ये काय झालं असतं ते लिहायची गरज नाही. शिवाय तेव्हा भावही दीडशेच्या खाली होता, म्हणजे विकायचीही सोय नाही.

टीसीएस. २०२२-२३ मध्ये ११५ रुपये, त्यात ६७ रुपये विशेष. २०२३-२४ मध्ये ७३, त्यात १८ विशेष. धंद्यात एवढा चढउतार नाही. साठलेली रोकड कधी वाटायची हे वरच्या मजल्यावर ठरतं, आपल्या गॅसबिलाच्या तारखा बघून नाही.

आयटीसी त्यातल्या त्यात सरळ. १०.१५, १०.७५, ११.५०, मग विशेष धरून १५.५०, मग १३.७५. २०१९-२० पासूनचे हे आकडे.

आणि वेदांता. २०२२-२३ मध्ये पाच हप्त्यांत मिळून १०१ रुपये ५० पैसे. भाव तीनशेच्या आसपास धरा, म्हणजे कागदावर ३० टक्क्यांच्या वर यील्ड (भावाच्या मानाने लाभांश)! त्या वर्षी ऑफिसात दोघांनी पीएफचे पैसे काढून हा शेअर घेतला होता. पुढच्या वर्षी लाभांश २९ रुपये ५० पैसे. लंडनच्या मूळ कंपनीला कर्ज फेडायला रोकड लागत होती, म्हणून इथून उपसा चालला होता. यील्डचा आकडा नेहमी मागच्या बारा महिन्यांचा असतो आणि भाव आजचा. भाव पडला तरी यील्ड वाढलेलं दिसतं. तक्त्यात सगळ्यात वर जो असतो त्याच्याकडे म्हणूनच आधी संशयाने बघायचं.

ईटीएफचा इथे उपयोग आहे. निर्देशांकात कंपनी यील्डवर निवडली जात असली तरी वजन मिळतं ते बाजारात खुल्या असलेल्या भांडवलाच्या प्रमाणात. त्यामुळे एखादी छोटी कंपनी १० टक्के यील्ड दाखवत असली तरी टोपलीत तिचा वाटा चिमूटभर. मोठा वाटा मोठ्या, कंटाळवाण्या कंपन्यांचा. तोटा असा की पूर्ण टोपलीचं यील्ड अडीच-तीन टक्क्यांच्या आसपासच राहतं. साध्या निफ्टीचं सव्वा-दीड. म्हणजे "डिव्हिडंडवाला" म्हणून जे जास्तीचं मिळतं ते सव्वा टक्का. बस्स.

१ कोटी ५५ लाखांचा आकडा आज खोडला. लाभांशापुरतंच काढायचं हे बंधन सोडलं, तर वर्षाला साडेतीन टक्के काढता येतील असं धरतो. चार टक्क्यांचा जो नियम सगळे सांगतात तो विल्यम बेंगन यांनी १९९४ मध्ये अमेरिकेच्या आकड्यांवर मांडला होता, तीस वर्षांच्या निवृत्तीसाठी. आपली महागाई वेगळी, म्हणून अर्धा टक्का कमी. तरीही १ कोटी २२ लाख लागतात.

३ नोव्हेंबर २०२४

भाऊबीज. अमेरिकेतल्या एडिसनहून मामेभाऊ आलाय. त्याच्याकडे एससीएचडी आहे, श्वाब कंपनीचा तिकडचा लाभांश ईटीएफ. ऑक्टोबरात त्याच्या एका युनिटचे तीन झाले म्हणून खूश होता. मी म्हटलं, दादा, पोळी तेवढीच, तुकडे जास्त. हसला, पण फोनवर दाखवलंच: मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबर, दर तिमाहीला डॉलर जमा. खर्च ०.०६ टक्के.

त्याच्या निर्देशांकाची चाळणी मात्र मला आवडली. सलग दहा वर्षं लाभांश दिलेल्या कंपन्याच आत घ्यायच्या. मग कर्जाच्या मानाने रोख आवक किती, भागभांडवलावर परतावा किती, यील्ड किती आणि पाच वर्षांत लाभांश किती वाढला, या चार कसोट्यांवर क्रम लावून शंभर निवडायच्या. दरवर्षी मार्चमध्ये यादी नवी. कुठल्याही एका क्षेत्राला पुनर्रचनेच्या वेळी २५ टक्क्यांहून जास्त वाटा नाही. नुसत्या यील्डवर निवड नाही, देण्याची ताकदही तपासतात. वेदांतासारखं प्रकरण अशा चाळणीत बहुधा अडलं असतं.

"मग तू पण घे ना," तो म्हणाला. जमाखर्च मांडला. मी इथे राहून घेतला तर लाभांशातून तिथेच २५ टक्के कापून जाणार. त्याचं श्रेय इथल्या करात मिळतं, पण फॉर्म ६७ भरा, विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट भरा. आणि ६०,००० डॉलरच्या वरची अमेरिकी मालमत्ता मागे ठेवून मी गेलो तर वारसाकर लागू शकतो. हिला मी गेल्यावर अमेरिकी करखात्याशी पत्रव्यवहार करायला लावायचा? नको.

उलट बाजूही त्याला सांगितली. तो इथला ईटीएफ घ्यायचं म्हणत होता, "आपल्याकडची वाढ जास्त आहे" म्हणून. अमेरिकेत कर भरणाऱ्याने भारतीय म्युच्युअल फंड किंवा ईटीएफ धरला की तो तिकडच्या करकायद्यात पीएफआयसी (परदेशी गुंतवणूक कंपनी) ठरतो, मग फॉर्म ८६२१ आणि जाचक करआकारणी. त्याच्या सीपीएला, म्हणजे तिकडच्या सीएला, विचारल्याशिवाय हात लावू नकोस म्हटलं. तिकडच्या मराठी मंडळींनी हे वाचलं तर त्यांनीही विचारावं.

नंतरची भर: १८ नोव्हेंबरला केंद्राने सरकारी कंपन्यांचा लाभांश नियम बदलला: नक्त मालमत्तेच्या ५ ऐवजी आता ४ टक्के, नफ्याचे ३० टक्के तसेच. माझ्या टोपलीवर फार परिणाम होईल असं वाटत नाही.

१० जानेवारी २०२५

टीसीएसने काल १० रुपये अंतरिम आणि ६६ रुपये विशेष जाहीर केला. मागच्या वर्षी ७३ वर आलेला लाभांश यंदा पुन्हा शंभरच्या वर जाणार. ऑफिसात ज्यांच्याकडे शेअर आहेत ते फेब्रुवारीच्या पगाराचा दुसरा हप्ता मिळाल्यासारखे फिरतायत. बाजार सप्टेंबरच्या शिखरावरून चांगलाच खाली आहे, माझी खरेदी चालू.

२ फेब्रुवारी २०२५

काल शनिवार असूनही बाजार उघडा होता, अर्थसंकल्पासाठी. नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट, म्हणजे कर शून्य. लाभांशावरची टीडीएसची मर्यादा ५,००० वरून १०,००० रुपये.

फ्रिजवरच्या कागदाखाली आता दुसरा कागद लागला. निवृत्तीनंतर आमचं एकूण उत्पन्न १२ लाखांच्या जवळपासही नसेल. तेव्हा डिव्हिडंड थेट हातात आला तरी कर नाही. उलट भांडवली नफा विशेष दराचा, त्याला ही सूट लागू नाही. अर्थात सव्वा लाख तसेच माफ, आणि त्यापलीकडे बाकीचं उत्पन्न चार लाखांच्या मूळ मर्यादेला पोचत नसेल तर राहिलेली जागा निवासी माणसाला नफ्यासाठी वापरता येते.

म्हणजे करापुरतं बोलायचं तर निवृत्तीआधी ईटीएफ सरळ पुढे, निवृत्तीनंतर दोन्ही वाटा जवळजवळ सारख्या. मग २०३० मध्ये सगळं विकून थेट शेअर घ्यायचे का? हिने विचारलं. बदलताना एकाच वर्षात सगळा नफा उघडा पडेल आणि त्यावर कर बसेल. शिवाय पुढे चौसष्ट-पासष्टीत पन्नास कंपन्यांच्या रेकॉर्ड डेट कोण सांभाळणार? ईटीएफच ठेवायचा. कुठल्या महिन्यात किती काढायचे ते आपण ठरवायचं.

२६ मार्च २०२५

विक्रीची रंगीत तालीम. नवे युनिट अजून वर्षाचे झालेले नाहीत, म्हणून २०१९ पासून पडून असलेले थोडे निफ्टी बीज (साध्या निफ्टीचा ईटीएफ) विकायला घेतले. हेतू दुहेरी: पैसे हातात यायला किती वेळ लागतो ते बघायचं, आणि यंदाची सव्वा लाखाची करमुक्त जागा वाया जाऊ द्यायची नाही. ३१ तारखेला ईदची सुट्टी, म्हणजे शुक्रवार २८ हा वर्षाचा शेवटचा बाजाराचा दिवस. अगदी काठावर कशाला.

सोमवारी सकाळी दहानंतर विकले. आधी डीमॅट सांभाळणाऱ्या सीडीएसएलचा टीपिन (विक्रीला मंजुरी द्यायचा पिन), मग ओटीपी, तेव्हा कुठे शेअर डीमॅटमधून सुटतात. मंगळवारी ब्रोकरच्या खात्यात पैसे, विक्रीनंतर एकच दिवस. काढण्याची विनंती टाकली, आज सकाळी बँकेत. हिशेबपत्रात बघितलं तर एसटीटी (व्यवहारावरचा कर) नगण्य, पण डीपी शुल्क (डीमॅटमधून काढण्याचं) दर विक्रीला, रक्कम कितीही असो. दहा हजारांच्या विक्रीला आणि दीड लाखाच्या विक्रीला तेवढंच. म्हणून महिन्याला नाही, तिमाहीला विकायचं. तिमाहीचे पैसे बचत खात्यात आणायचे आणि तिथून महिन्याला पगारासारखे काढायचे.

विक्रीत पहिले घेतलेले युनिट पहिले जातात. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत नफ्याचा भाग मोठा, कर थोडा जास्त. मार्चमध्ये नफा करमुक्त मर्यादेपर्यंत उचलायचा आणि तेच युनिट पुन्हा घ्यायचे, म्हणजे खरेदीची किंमत वर सरकते. हे दरवर्षी करायचं, हिच्या डीमॅटमध्येही. तिची सव्वा लाखाची जागा वेगळी आहे.

७ एप्रिल २०२५

ट्रम्प यांच्या आयातशुल्काचा सोमवार. बाजार उघडताच कोसळला. योगायोगाने आजच माझी महिन्याची खरेदी होती.

पडद्यावरचं लिहून ठेवतो, कारण पुढे उपयोगी पडेल. सव्वानऊला खरेदीदारांची रांग आणि विक्रेत्यांची रांग यांच्यात मोठी दरी. रांगेतला पहिला विक्रेता त्या क्षणाच्या आयएनएव्हीपेक्षा (आतल्या शेअरच्या चालू भावांवरून काढलेलं युनिटचं मूल्य) शेकडा दीड रुपया वर मागत होता, आणि त्याच्याकडेही फक्त चाळीस युनिट. बाजारभावाने ऑर्डर टाकली असती तर चाळीस तिथे, पुढचे शंभर त्याहून वर, असं करत मी स्वतःच भाव चढवला असता. बाजार पडतोय आणि मी महाग घेतोय, अशी गंमत. पावणेअकराला बाजारनिर्माते (खरेदी-विक्री दोन्हींचे भाव लावणारे दलाल) स्थिरावले, दरी काही पैशांवर आली. आयएनएव्हीच्या किंचित वर मर्यादा लावून ऑर्डर टाकली, पाच मिनिटांत पूर्ण.

नियम म्हणून: पहिला तास नाही, शेवटचा अर्धा तास नाही, आयएनएव्ही बघितल्याशिवाय नाही, बाजारभावाची ऑर्डर कधीच नाही. हे विक्रीलाही लागू.

१५ जून २०२५

मूळ आराखड्याची फेरमांडणी. वर्षभराच्या नोंदी वाचल्यावर एक दिसलं की सगळं ओझं एकाच ईटीएफवर टाकायचं कारणच नाही.

नोकरीतून वयोमानाने निवृत्त होणाऱ्याला पंचावन्न ते साठमध्येही ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पैसे ठेवता येतात, निवृत्तीची रक्कम हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत. मर्यादा ३० लाख. आजच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० रुपये, महिन्याला साडेवीस हजार. २०३० मध्ये दर काय असेल ते तेव्हा बघू. हे पीएफच्या पैशातून.

म्हणजे ३५,५०० पैकी १५,००० उरले. वर्षाचे १ लाख ८० हजार, साडेतीन टक्क्यांनी साधारण ५१-५२ लाखांचा ईटीएफ. जुने निफ्टी बीज धरून हा आकडा माझ्या आवाक्यात आहे. दीड कोटीपासून इथपर्यंत यायला वर्ष गेलं.

दोन्हींची जोडी का बसते तेही लिहितो. योजनेचं व्याज पाच वर्षं जसंच्या तसं राहतं, पहिल्या वर्षी भरपूर वाटतं आणि पाचव्या वर्षी तोकडं. ईटीएफमधून काढायची रक्कम सुरुवातीला बेताची, पण कंपन्यांचे नफे वाढतील तशी वाढवत नेता येईल. मला सुरुवातीला खात्री हवी आणि नंतर वाढ, त्यासाठी हे दोघे पुरेत.

शिवाय तीन वर्षांच्या विक्रीएवढी रक्कम, म्हणजे ५ लाख ४० हजार, मुदत ठेवीत वेगळी. बाजार २०२० सारखा पडला तर युनिट न विकता त्यातून खायचं. ठेव कमी झाली की बाजार सावरल्यावर भरून काढायची.

रीट आणि इन्व्हिटही तपासले, म्हणजे भाड्याच्या इमारती आणि रस्ते-वीजवाहिन्यांसारखे प्रकल्प धरणारे ट्रस्ट. वाटपयोग्य रोख रकमेपैकी किमान ९० टक्के वाटावीच लागते, त्यामुळे तिमाहीला पैसे खरोखर बँकेत येतात. पण वाटपात व्याज, लाभांश, भांडवल परत असे निरनिराळे तुकडे, प्रत्येकाचा कर वेगळा. थोडेसे घेऊन बघू नंतर. आत्ता नाही.

घरच्या नियमाबद्दल हिच्याशी पुन्हा बोलणं झालं. ती म्हणाली, "मुद्दल म्हणजे किती युनिट, की किती रुपये?" प्रश्न चोख आहे. युनिट दरवर्षी थोडे कमी होतील, रुपये वाढत राहावेत अशी अपेक्षा. दर एप्रिलला दोन्ही आकडे वहीत लिहायचे ठरलं. रुपयांचा आकडा महागाई वजा करून सलग तीन वर्षं घटला, तर काढायची रक्कम दहा टक्क्यांनी कमी करायची. ती लगेच म्हणाली, "चालेल, पण आधी तुमचं रविवारचं बाहेरचं जेवण बंद."

२९ सप्टेंबर २०२५

हिने आज तिच्या डीमॅटमधून स्वतः तिमाही विक्री करून बघितली, छोट्या रकमेची. मी शेजारच्या खोलीत. टीपिन विसरली होती, नवा मागवला, तो ईमेलवर आला. ऑर्डर मर्यादेसह टाकली, दहा मिनिटं पूर्ण झाली नाही तेव्हा आतून हाक आली, "अहो, हे लटकलंय." आयएनएव्ही बघून पाच पैसे खाली घे म्हटलं. झालं.

त्यावरून तिच्यासाठी एक पान लिहिलं, कपाटातल्या फाइलमध्ये पहिलंच:

मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात विक्री. सकाळी साडेदहा ते दुपारी अडीच. आधी आयएनएव्ही. मर्यादा लावूनच. रक्कम ४५,००० च्या आसपास, दर एप्रिलला नवी. बाजार वर्षभरात २० टक्क्यांहून जास्त पडला असेल तर विकू नको, मुदत ठेव मोड. मार्चमध्ये विक्रीआधी सीए साहेबांना फोन, सव्वा लाखापैकी किती शिल्लक आहे ते विचार. साठीनंतर व्याजावर टीडीएस नको असेल तर त्याचा फॉर्म (२०२५ मध्ये १५एच) एप्रिलमध्येच. यील्ड जास्त आहे म्हणून कोणी फोन केला तर ठेवून दे.

तिने वाचून खाली पेनाने एक ओळ वाढवली: मुलीला हे सगळं एकदा दाखवायचं, दिवाळीत ती घरी आली की. नॉमिनी दोन्ही डीमॅटवर लावलेला आहे, पण मुलीच्या नावाचं स्पेलिंग एका ठिकाणी आधारपेक्षा वेगळं आहे. ते उद्या दुरुस्तीला टाकतो.